वाळूतला दोर

मोबाइल उलटे ठेवा पाहू सगळे. आणि मधेच ‘मग काय झालं’ म्हणून घाई करायची नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो माझ्यासोबत गॅरेजात कैक वर्षं राबलेला माणूस. त्याच्या तोंडून मी हे एकदाच ऐकलं. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

खेकड्या म्हणायचे त्याला. वाळूतून गाडी तिरकी तिरकी काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून खेकड्या. किनाऱ्यावर कुणाची गाडी रुतली की आधी खेकड्याला फोन, मग देवाचा धावा. चारही चाकं ओढणारी जुनी जीप होती त्याची. पत्र्याला गंज, पण इंजिन मांजरासारखं घुरघुरायचं.

ही विद्या त्याला दिली दाजींनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. बाप लवकर गेला, तेव्हा दाजींनीच त्याला आपल्या घरी नेलं, पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि मिसरूड फुटायच्या आत स्टिअरिंगवर बसवलं. दाजी सांगायचे, “वाळूवर गाडी कशी न्यायची? झोपलेल्या सासऱ्याच्या अंगावरून गेल्यासारखी. थांबायचं नाही, धावायचं नाही, आणि रुतलास तर उगाच पाय झाडायचे नाहीत.”

त्या वर्षी दाजींची छाती गेली. फुप्फुसंच निकामी झाली. आठ महिने माणूस पलंगाला खिळलेला, यंत्रातून प्राणवायू चाललेला. श्वास आत घेताना बारीक शिट्टी वाजायची, आणि शेवटाला एक उचकी. शिंप्याने दोरा तोडावा तशी.

नोव्हेंबरातला बुधवार होता. अमावास्या होऊन चार दिवस झालेले. चंद्राची कोर जेवणाच्या वेळेलाच बुडालेली. संध्याकाळी ताईचा फोन आला. “अरे, ट्रान्सफॉर्मर उडालाय. यंत्र बंद पडलं. घरातला सिलिंडर मध्यरात्रीपर्यंत पुरला तर पुरला.”

ताईचं घर किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. रस्त्यावरचा पूल दुरुस्तीला काढलेला, वळसा घालून जायचं तर उजाडलं असतं. पण ओहोटीला वाळूवरून गेलं की तासाभराची वाट. नऊला पाणी पुरतं मागे जाणार होतं. दवाखान्यातून सिलिंडर मिळवता मिळवता दहा वाजले. म्हणजे भरती लागली होती.

“मी येते,” बायको म्हणाली.

“तू कशाला?”

“सिलिंडर कोण धरणार? तो आदळला तर दाजींच्या आधी आपणच वर.” आणि ती मागच्या बाकावर सिलिंडरला मिठी मारून बसलीसुद्धा.

वाळूच्या तोंडाशी त्याने चाकांतली हवा उतरवली. चारही चाकं जोडणारा दांडा ओढला. पाण्याच्या कडेने ओल्या, घट्ट वाळूची पट्टी धरली. गाडी छान निघाली. बायकोने मागून ताईला फोन लावून पाहिला, रेंज नव्हती. डावीकडे सुरूची झाडं, उजवीकडे समुद्र. दिसत काहीच नव्हतं, नुसता लाटांचा आवाज.

निम्मी वाट सरली असेल. पुढे दोन लाल दिवे दिसले.

“कोणीतरी रुतलंय,” खेकड्या म्हणाला.

“अहो, थांबू नका. ताई वाट बघतेय.”

“पाणी चढतंय गं. याला सोडून गेलो तर तासाभरात टपावरून लाटा जातील. आत पोरंबाळं असली म्हणजे?”

गाडीवाल्याने गाडीवाल्याला वाळूत टाकून जायचं नाही, हेही दाजींनीच शिकवलेलं.

त्याने रुतलेल्या गाडीला वळसा घातला, आपली गाडी तिच्या पुढे, जरा चढावर उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. दोर घेऊन उतरला. ती गाडी पोटापर्यंत रुतली होती. पुढच्या चाकापाशी एक माणूस गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उपसत होता. अंगात नुसतं बनियन. पाठ यांच्याकडे.

“अहो काका, फावडं आहे माझ्याकडे. हाताने काय उकरताय?”

माणूस बोलला नाही. मान वळवली नाही. उपसत राहिला.

‘घाबरलाय बिचारा,’ खेकड्याला वाटलं. त्याने वाकून त्या गाडीच्या हुकात दोर अडकवला. लोखंड हाताला बुळबुळीत लागलं. शेवाळलेलं. वर्षानुवर्षं पाण्याखाली असल्यासारखं.

दुसरं टोक जीपच्या मागे बांधून तो गाडीत बसला. हलक्या पायाने गाडी पुढे घेतली. दोर ताणला गेला. ती गाडी तसूभरही हलली नाही.

पुन्हा एकदा.

नाही.

“अहो...” मागून बायकोचा आवाज आला. ती मागच्या काचेतून बॅटरी धरून होती. “तो माणूस उपसतोय... पण खड्डा होत नाहीये. वाळू परत भरतेय.”

“ओली वाळू तशीच भरते.”

“आणि... तुम्हाला ऐकू येतंय का?”

“काय?”

“इंजिन जरा हळू करा.”

त्याने पाय उचलला.

शिट्टी... बारीक. आत ओढल्यासारखी. मग उचकी.

पुन्हा शिट्टी... पुन्हा उचकी.

बाहेरून नाही. मागच्या बाकावरून. बायकोच्या कानाशी.

“सिलिंडर गळतोय का?” खेकड्याने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

“बंद आहे. मी चावी धरून बसलेय...” ती रडायला लागली. “अहो, हा श्वास... ओळखीचा आहे हो.”

त्यालाही कळलं होतं.

पाणी आलं. पहिली लाट चाकांखालून गेली. त्या गाडीचे लाल दिवे पाण्याखाली गेले, तरी पेटलेलेच. पाणी लाल दिसत होतं. तो माणूस कमरेपर्यंत बुडालेला... आणि हात चाललेलेच.

मग जीप मागे सरकली.

थोडीशीच. गीअर पुढचा होता. चाकं पुढे फिरत होती. आणि गाडी मागे चालली होती.

“ओढतोय तो आपल्याला! तोडा! अहो, दोर तोडा!”

त्याने सीटखालची सुरी काढली. मागे धावला. दोर तारेसारखा ताठ. सरळ खाली, वाळूत गेलेला. त्याने सुरी लावली.

आणि थांबला.

शिट्टी... जोरात. घाईघाईने. दोन श्वासांच्या मध्ये जागाच नाही.

“कशाला थांबलात?”

लाट गुडघ्याला लागली. मागची चाकं निम्मी वाळूत.

त्याने दोर कापला.

सूं करून तो अंधारात गेला. दिवे विझले. आणि श्वास... थांबला. मधोमध. उचकीसुद्धा नाही.

बायकोने बॅटरी फिरवली. सपाट वाळू. त्यावर पाणी. बस्स.

त्याने कशीबशी जीप वाळूतून काढली आणि ताईचं घर गाठलं. घरात मेणबत्ती जळत होती. ताई दारातच बसली होती. सिलिंडर खांद्यावर घेऊन आलेल्या भावाकडे तिने पाहिलं.

“ठेव तो खाली,” ती म्हणाली. “गेले ते.”

“कधी?”

“झाला असेल अर्धा तास.”

खेकड्याने सिलिंडर जमिनीवर उतरवला. ताई सांगत होती. रडत नव्हती, नुसती सांगत होती.

“काहीतरी वेगळंच चाललं होतं रे त्यांचं. मध्येच हात झाडायचे. मग एकाएकी चेहरा उजळला. म्हणाले, धरलंय त्याने... ओढतोय. मला वाटलं, बरं वाटतंय त्यांना. मग तेच तेच म्हणायला लागले. सोडू नको... सोडू नको... मी हात घट्ट धरून होते. मी म्हटलं, नाही हो सोडत. आणि एकदम हिसका बसल्यासारखे मागे गेले.” तिने भावाकडे पाहिलं. “मी नाही रे सोडला हात. शेवटपर्यंत नाही सोडला. मग असं का म्हणाले ते?”

त्या रात्रीच नाही, पुढेही खेकड्याने ताईला काही सांगितलं नाही. ताई जाईपर्यंत तो एकच प्रश्न विचारत राहिली, आणि हा एकच ‘माहीत नाही’ म्हणत राहिला. जीप त्याने भंगारात दिली. पुढे गॅरेजातही त्याचं मन लागेना. नट आवळता आवळता मध्येच थांबायचा, आणि कान देऊन काहीतरी ऐकायचा. मी हाक मारली की दचकायचा. बायकोने बोलणंच कमी केलं. ती म्हणायची, तोडा म्हटलं ते मी. तो म्हणायचा, कापला तो मी. दोघांत एवढंच बोलणं उरलं होतं शेवटी.

तुम्हाला वाटेल, भास झाला असेल. अंधार, भरती, डोक्यात दाजींची काळजी. मीही त्याला तेच सांगायला गेलो. तेव्हा त्याने त्या रात्रीचं राहिलेलं सांगितलं.

दाजींना सरळ निजवायचं होतं. खेकड्याच्या बायकोने त्यांचे दोन्ही हात छातीवर घ्यायला म्हणून उचलले, आणि मेणबत्ती जवळ मागितली. आठ महिन्यांत ज्या माणसाचा पाय जमिनीला लागला नव्हता, त्याच्या दहाही बोटांची नखं मुळापर्यंत फाटली होती.

आणि नखांत वाळू होती. ओली.