पन्नासची लेन्स आणि एक शब्द

"मागं नका सरकू! मरायचं आहे काय, दीदी?"

धुआँधारच्या गर्जनेवर आवाज चढवून तो ओरडला, तेव्हा खडकाची कड माझ्या टाचेपासून वीतभर होती. धबधबा फ्रेममध्ये मावत नव्हता, म्हणून मी मागं मागं जात होते.

"दीदी कोणाला म्हणता?" मी खेकसले.

"बरं, नाही म्हणत." चष्म्यावरचे तुषार पुसत तो हसला. "काहून पन्नासच्या लेन्सनं अख्खा धबधबा घेऊन राहिल्या?"

"पन्नासमध्ये डोळ्याला दिसतं तसंच दिसतं. वाचलंय मी."

"ते मोठ्या सेन्सरवर, जी. तुमचा सेन्सर लहान. कडा कापतो, मग पन्नासची पंच्याहत्तरवाणी दिसते."

"म्हणजे लेन्स लांब होते?"

"लेन्स तेवढीच राहते. तुम्हालाच कमी दिसून राहिलं."

उद्धट मेला! त्यानं आपली अठराची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर चढवली... अन् अख्खा धुआँधार आत आला. कोपऱ्यात त्याचा अर्धा खांदाही. तो फोटो मी पुसला नाही.

तो अपूर्व. चार पिढ्या जबलपूरच्या, घरातली मराठी हिंदीत भिजलेली. मी समिधा, बाबांच्या फॅक्टरीतल्या नोकरीमुळे साताऱ्याहून आलेली. वर्षभर आम्ही ग्वारीघाट, बरगीचं धरण पालथं घातलं. लेन्स बदलताना बोटाला बोट लागायचं. तो मुद्दाम उशीर करायचा — मीही.

मग बाबांची पुण्याला बदली झाली. विजय नगरच्या टपरीवर मी सरळ विचारलं, "आपल्या लग्नाचं घरी बोलणार आहेस की नाही?"

तो ग्लासाकडे बघत राहिला. "मी... चेष्टा करून राहिलो ना, समिधा."

चेष्टा! वर्षभर माझी थट्टा केली यानं? मी उठले. "अगं, झालं काय?" म्हणत तो चौकापर्यंत मागं आला. मी वळले नाही. नंबर ब्लॉक केला, गाव सोडलं.

तीन वर्षांनी पुण्याच्या ऑफिसात ग्वाल्हेरचा अनुपम फोनवर कुणाला तरी सांगत होता, "जी, मैं पूरी चेष्टा करूँगा."

"कसली मस्करी करणार आहेस रे?" मी विचारलं.

"मस्करी नहीं मैडम. चेष्टा मतलब... कोशिश."

कोशिश. प्रयत्न करत होता अपूर्व! वर्षभर जबलपुरात राहून मला एवढी हिंदी आली नाही. शुद्ध मराठीची मिजास होती ना मला!

तशीच जिन्यात गेले, अपूर्वचा नंबर अनब्लॉक करून फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

"आईला मनवून राहिलो होतो," तो म्हणाला. "तू गेल्यावर चौथ्या दिवशी ती हो म्हणाली."

"अन् आता?"

"आता... लग्नाला आठ महिने झाले माझ्या." मग एकदम त्याचा आवाज फाटला. "विचारायचं होतं ना! 'म्हणजे काय रे', एवढं तरी विचारायचं होतं!"

"हो," मी म्हणाले. "विचारायचं होतं."

त्यानं फोन ठेवला नाही. मीही नाही.