नाचणारा रोबो आणि उस्मानचाचांची सुई

बारा हजार चारशे लोकांनी व्हिडिओ पाहिला होता. तीनशे जणांनी शाबासकी दिली होती. आणि सुनेत्राआत्याच्या दुकानाकडे मात्र आठवडाभरात एकही माणूस फिरकला नव्हता.

"असं कसं होईल?" अकरा वर्षांच्या शाल्मलीला काही केल्या कळेना.

२०४८ सालचं चिपळूण ते. घरोघरी रोबो आले होते. कुणाचा भांडी घासायचा, कुणाचा आजारी माणसाला धरून चालवायचा. पण एखादा बिघडला की कंपनी सांगायची, "याचे भाग आता मिळत नाहीत, नवा घ्या." एवढ्याशा सांध्यापायी अख्खा रोबो भंगारात जायचा. आत्याला ते बघवत नसे. म्हणून तिने बाजारपेठेमागच्या गल्लीत दुरुस्तीचं दुकान काढलं. तिचा हात लागला की मेलेलं यंत्र उठून बसे, पण हे गल्लीबाहेर कुणाला ठाऊकच नव्हतं. आता पुण्याच्या एका कारखान्याने तिला नोकरीसाठी बोलावलं होतं. महिनाअखेरपर्यंत उत्तर कळवायचं होतं.

आत्या गेली तर? शाळा सुटली की शाल्मली थेट दुकानात यायची. दप्तर खुंटीला अडकवायचं, आत्याच्या डब्यातली राखून ठेवलेली पोळी खायची आणि स्क्रू वेगळे करत बसायचं. हे सगळं बंद झालं असतं. म्हणून तिने स्वतःच 'गजाल' या समाजमाध्यमावर (लोक जिथे व्हिडिओ, फोटो, गप्पा एकमेकांना दाखवतात अशा इंटरनेटवरच्या जागेवर) दुकानाचा व्हिडिओ टाकला. दुकानातला एक बंद पडलेला रोबो तिने संगणकाच्या करामतीने झकास नाचवला होता.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. आत्याने उचलला.

"नाचणारा रोबो भाड्याने मिळेल का हो? नागपूरला वाढदिवस आहे आमच्याकडे."

आत्याने नम्रपणे नाही म्हटलं आणि फोन ठेवला. ती शाल्मलीला रागावली नाही. नुसती हसली. पण ते हसू दमलेलं होतं, आणि ते शाल्मलीला रागावण्यापेक्षाही जास्त लागलं.

ती तडक आप्पांकडे गेली. आप्पा म्हणजे तिचे आजोबा, आत्याचे वडील. कीटकशास्त्रज्ञ होते. सारा जन्म मुंग्यांच्या मागे घालवलेला.

"आप्पा, एवढ्या लोकांनी पाहिलं, मग कुणी येत का नाही?"

आप्पा स्वयंपाकघरातून गुळाचा खडा घेऊन आले आणि ओसरीच्या एका कोपऱ्यात ठेवला. दुसऱ्या कोपऱ्यात त्यांनी एक चकचकीत काचेचा मणी ठेवला.

"आता बस. घाई करायची नाही."

बऱ्याच वेळाने एक मुंगी भटकत भटकत मण्यापाशी आली, त्याला वळसा घालून निघून गेली. मग दुसरी एक गुळापाशी पोचली. थांबली, कण उचलला आणि परत फिरली. थोड्या वेळात तिच्याच वाटेने चार जणी आल्या. मग दहा. मग रांगच लागली.

"त्या पहिलीने इतरांना सांगितलं?" शाल्मलीने विचारलं.

"बोलून नाही. परतताना ती जमिनीवर गंधखूण सोडते (मागून येणारीला वाट कळावी म्हणून सोडलेला वास). दुसरी त्या वासावर येते, तिलाही गूळ मिळाला की तीही वास सोडते. वाट पक्की होत जाते. मण्याकडे कुणाला काही मिळालं नाही, तिकडे खूणच पडली नाही. आता मला सांग, तुझं ते गजाल व्हिडिओ कुणाला दाखवायचा हे कसं ठरवतं?"

"त्याचा अल्गोरिदम ठरवतो."

"म्हणजे काय गं?"

शाल्मलीच्या तोंडी हा शब्द रोजचा होता, पण अर्थ सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

"अल्गोरिदम म्हणजे पायरीपायरीने पाळायच्या सूचना," आप्पा म्हणाले. "गजालच्या साधारण अशा असणार. आधी व्हिडिओ थोड्या लोकांना दाखव. कोण शेवटपर्यंत थांबलं, कुणी पुढे पाठवला, ते बघ. मग त्यांच्यासारख्या आणखी लोकांना दाखव. काय चांगलं, काय खरं, हे त्याला कळत नाही. माणसं कुठे थांबली, एवढंच कळतं. तुझ्या व्हिडिओवर कोण थांबलं असेल?"

शाल्मली गुळाकडच्या रांगेकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "ज्यांना नाच आवडतो ते. म्हणून गजालने तो नाच आवडणाऱ्यांनाच दाखवला. पार नागपूरपर्यंत! ज्यांचे रोबो बिघडलेत त्यांना तो दिसलाच नसेल."

"आणि दिसला असता तरी?"

"तरी दुकानात दुरुस्ती होते हे त्यात कुठेच नव्हतं." तिने मान खाली घातली. "आणि तो रोबो नाचतही नाही, आप्पा. मी खोटं दाखवलं."

आप्पांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "चूक कळली की अर्धं संशोधन झालं. उरलेलं अर्धं उद्या कर."

शाल्मलीने तो व्हिडिओ काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुकानात उस्मानचाचा आले. चाचा शिंपी. नजर अधू झाल्यापासून त्यांचा छोटा रोबो, बंडू, त्यांना सुईत दोरा ओवून द्यायचा. आता बंडूची बोटं थरथरत होती.

"कंपनी म्हणते फेकून द्या," चाचा म्हणाले. "नऊ वर्षं माझ्याबरोबर बसलाय हा. फेकू कसा, बाई?"

आत्याने बंडूचं बोट उघडलं. आतली तार झिजली होती. तशी तार कुठे मिळेना. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातली मोडकी छत्री उचलली. छत्रीची एक काडी कापली, घासली, वाकवली, बसवली.

शाल्मलीने चाचांना विचारलं, "चाचा, व्हिडिओ काढू?"

"काढ की! पण बंडूचा चांगला काढ, मी म्हातारा आहे."

या वेळी तिने काहीही सजवलं नाही. आधी थरथरणारं बोट, मग छत्रीची काडी, मग आत्याचे हात. शेवटी दोरा सुईतून अलगद गेला आणि चाचा खळखळून हसले. खाली तिने लिहिलं : 'तुमच्या रोबोची बोटं थरथरतात का? भाग मिळत नाही म्हणून फेकू नका. चिपळूणला आणा. आत्या आधी तपासेल, होण्यासारखं असेल तरच हो म्हणेल.'

पहिल्या दिवशी फक्त त्रेसष्ट जणांनी पाहिलं. शाल्मलीचा चेहरा पडला.

"शेवटपर्यंत किती थांबले?" आप्पांनी विचारलं.

तिने पाहिलं. एक्केचाळीस! त्यातल्या एका शिंप्याने तो आपल्या शिवणकामाच्या गटात पाठवला होता. तिसऱ्या दिवशी गुहागरहून प्रश्न आला, 'आमच्या रोबोचं मनगट अडकतं, जमेल का?' खेडच्या एका परिचारिकेने रुग्णाला उठवणाऱ्या रोबोचा फोटो पाठवला. शाल्मली प्रश्न वाचून दाखवायची, आत्या काम करता करता उत्तर सांगायची. जे जमणार नाही त्याला स्पष्ट 'नाही'. त्या 'नाही'मुळेच लोकांचा विश्वास बसला, असं परिचारिका पुढे म्हणाली. पुढच्या शनिवारी दुकानातल्या बाकावर सात रोबो ओळीने बसले होते आणि माणसांना उभं राहावं लागलं होतं.

त्या संध्याकाळी आत्याने पुण्याला फोन लावला. "आभारी आहे, पण मी येत नाही. माझी माणसं इथे रांगेत उभी आहेत." शाल्मलीने पळत जाऊन तिला मिठी मारली, इतकी घट्ट की आत्याच्या हातातला पाना खाली पडला.

महिन्याभराने गडचिरोलीहून एका अनोळखी मुलीचा व्हिडिओ आला. तिची आईही रोबो दुरुस्त करायची. 'तुमच्या आत्याचं बघून आम्ही सायकलच्या चाकाची तार वापरली,' ती सांगत होती. 'ती छत्रीच्या काडीपेक्षा जास्त टिकते. बघा!'

आत्याने तो तीनदा पाहिला.

"सायकलची तार! मला कसं नाही सुचलं?" ती म्हणाली आणि चष्मा पुसून घाईघाईने शाल्मलीजवळ सरकली. "तिला विचार, तार किती जाड घेतली? आणि सांग, आम्हाला आणखी शिकायचंय."

शाल्मली लिहायला लागली.