मी बसलोय तवर

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती, तर तिच्यात मी गुरुसिद्धप्पाला थोडा तरी शहाणा केला असता.

साल १९७५, मे महिना. सोलापूरहून अक्कलकोटला जाणारा रस्ता, वळसंगच्या थोडं पुढं. आणि वेळ… दुपारच्या साडेबाराची.

हो, दुपारची. भुतं फक्त रात्री निघतात असं ज्यांचं मत आहे, त्यांनी सोलापूरचा मे पाहिलेला नाही. त्या उन्हात माणूस बाहेर पडत नाही, कुत्रंही पडत नाही. ज्याला वर्दळ नको आहे, त्याला याहून सोयीची वेळ कुठली?

गाडीत आम्ही चौघं होतो.

म्हणजे, घरून निघालो तेव्हा चौघं होतो…

गुरुसिद्धप्पा माझा साडू. माझी बायको ईरम्मा थोरली, त्याची रुद्राणी धाकटी. तो सुताची दलाली करायचा. आठ वर्षं नंबर लावून त्याला फियाट मिळाली, आणि दुसऱ्याच महिन्यात होटगी रस्त्यावर एका जीपनं त्याला मागं टाकलं. जीपमध्ये शेळ्या होत्या. त्या मागं वळून आमच्याकडं बघत होत्या, असं रुद्राणी सांगते.

त्या दिवसापासून या माणसाच्या तोंडात एकच शब्द. कम्प्रेशन.

लग्नात कम्प्रेशन. बारशात कम्प्रेशन. पंगतीत वाढप्यानं "भात वाढू का?" विचारलं, तरी हा त्याला इंजिन समजावून सांगायचा. सगळा मामला असा, की इंजिनातल्या पिस्टनचं डोकं सपाट असतं. त्याऐवजी फुगीर डोक्याचा पिस्टन घातला की वरची जागा कमी होते, पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाते, भडका जोरात होतो आणि गाडी पळते. स्वतःच्या पोटातला वायू ज्याला चारचौघांत दाबून धरता आला नाही, तो गाडीला दाब शिकवायला निघाला होता.

मद्रासकडं गाड्यांच्या शर्यती होतात. तिथल्या कुणाकडून त्यानं चार फुगीर पिस्टन आणवले. कपाटात रुद्राणीच्या दागिन्यांशेजारी ठेवले. मग एके दिवशी ते घेऊन विजापूर वेशीजवळ बसलिंगप्पा मिस्त्रीकडं गेला. मी बरोबर होतो. तमाशा फुकट असला की मी जातो.

बसलिंगप्पा सत्तरीचा. पोत्यावर मांडी घालून बसायचा आणि बसूनच निम्मी गाडी खोलायचा. त्यानं पिस्टन हातात घेतला. फुगीर डोक्यावरून अंगठा फिरवला.

"काय करायचंय ह्याचं, सावकार?"

"गाडी पळवायची."

"कुटं?"

याचं उत्तर गुरुसिद्धप्पाजवळ नव्हतं.

"ही गाडी सोताच्या छातीनं श्वास घेती," म्हातारा म्हणाला. "वडंल तेवड्या हवेवर जगती. तिच्या छातीवर बसू नगा. आपल्या पंपावरचं पेट्रोल लई हलकं. जास्ती दाबलं, त्यात आपलं ऊन, की ठिणगीच्या आदीच पेटतंय. मग इंजिन आतून ठोकाय लागतंय."

"बसलिंगप्पा, तुम्ही जुनी माणसं. तुम्हाला कम्प्रेशन काय कळणार?"

म्हाताऱ्यानं पिस्टन परत पिशवीत ठेवला. सावकाश. मग म्हणाला,

"मी बसलोय तवर हे पिस्टन ह्या गाडीत बसायचे न्हाईत."

गुरुसिद्धप्पा मोठा शब्दाला मान देणारा माणूस. त्यानं वाट पाहिली.

एप्रिलअखेर बसलिंगप्पा झोपेतच गेला. आम्ही मातीला गेलो. गुरुसिद्धप्पानं हार घातला, डोळे पुसले आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आता काही अडचण नाही ना?"

पाचव्या दिवशी येडू फिटरनं ते चारही पिस्टन बसवले.

पुढं आठ दिवसांनी, दुपारी पावणेबाराला, शेजारच्या दुकानात अक्कलकोटहून ट्रंक कॉल आला. सासूबाई, म्हणजे सुंदरम्मा, सकाळपासून दोघी लेकींची नावं घेत होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यायचं असेल तर आत्ता या.

पुढची एसटी दोनला होती.

"एसटी कशाला?" गुरुसिद्धप्पा छाती फुगवून म्हणाला. "पंचवीस मिनिटांत अव्वापाशी सोडतो."

सासू मरायला टेकलेली असताना या माणसाचा चेहरा खुलला होता. अखेर त्याला 'कुटं?'चं उत्तर मिळालं होतं.

बायका मागं बसल्या, आम्ही दोघं पुढं. त्या वेळच्या फियाटची पुढची सीट बाकासारखी सलग असायची आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मधे आणखी एक माणूस सहज बसायचा. त्या दिवशी मधली जागा रिकामी होती.

गाडी पळाली. खोटं कशाला बोलू? वळसंगपर्यंत पळाली.

मग…

टक्.

मी गुरुसिद्धप्पाकडं पाहिलं. तो समोर बघत होता.

टक्… टक्…

"कोण ठोकतंय?" मागून रुद्राणी.

"कुणी नाही. नवे पिस्टन आहेत. बसायला वेळ लागतो."

टक्. टक्. टक्. टक्.

आता तो आवाज पायांखालच्या पत्र्यातून तळव्यांना लागत होता. कुणीतरी बंद दाराआडून, उघडा म्हणत, बोटाच्या पेरानं ठोकावं तसा. गुरुसिद्धप्पानं गाडी एका लिंबाखाली घेतली आणि किल्ली काढली.

इंजिन बंद झालं नाही.

किल्ली त्याच्या हातात होती. इंजिन चालूच…

शहाण्या वाचकांसाठी सांगतो, याला कारण असतं. आत तापून लाल झालेली काजळी असते, तिच्यावर पेट्रोल ठिणगीशिवाय पेटत राहतं. मला ठाऊक आहे. गुरुसिद्धप्पानंही हेच सांगितलं. तीनदा सांगितलं. दर वेळी आवाज आणखी बारीक.

शेवटी उतरून त्यानं बॉनेट उघडलं आणि पेट्रोलचा पाइप उपटला. इंजिन दोन-चार आचके देऊन थांबलं.

शांतता. पाखरू नाही, वारा नाही.

टक्.

बॉनेट उघडं होतं. मी आत बघत होतो. पंखा थांबलेला, पट्टा थांबलेला. हलत काहीच नव्हतं…

टक्.

बॉनेट आपटून आम्ही दोघं धावत येऊन आत बसलो आणि दारं लावून घेतली. ज्या गाडीला घाबरायचं, तिच्यातच जाऊन बसायचं. यात मीही होतो, हे लपवत नाही. गुरुसिद्धप्पा किल्ली फिरवत राहिला. पाइप त्याच्या दुसऱ्या हातातच होता आणि त्यातून पेट्रोल त्याच्या धोतरावर ठिबकत होतं. यावरून त्याची अवस्था कळावी.

आणि तेवढ्यात सीटची स्प्रिंग कुरकुरली.

मधली.

मी दाराच्या बाजूला टेकून बसलो होतो. तो त्याच्या दाराला. आणि आम्ही दोघंही हळूहळू आत कललो… जड माणूस मधे बसला की बाजूचे कलतात तसे. माझा खांदा त्याच्या खांद्याला लागायला हवा होता.

लागला नाही.

मधे काहीतरी होतं. त्याला ग्रीसचा आणि तंबाखूचा वास येत होता.

"मधे कोण बसलंय?" रुद्राणीनं विचारलं. आवाज अगदी साधा. पाहुणा आला की विचारतात तसा.

"अगं, कोण असणार?" ईरम्मा म्हणाली. "मिस्त्री गेले की. आपण मातीला गेलो होतो की."

"गेले. पण उठले कुठं?"

ईरम्मानं पदर तोंडाशी धरला.

"मी बसलोय तवर, म्हणाले होते," रुद्राणी म्हणाली. "आपल्यात माणसाला आडवं करत नाहीत, अक्का. बसवूनच माती देतात. बसलेतच की अजून ते."



खरं तर आम्हा लिंगायतांत भूत होण्याची सोय नाही. गेलेला माणूस लिंगैक्य होतो, शिवात मिसळतो, विषय संपतो. हे मी मनातल्या मनात दोनदा म्हटलं. सीट वर आली नाही.

"मला वाटलं…" गुरुसिद्धप्पा पुटपुटला, "ते गेल्यावर शब्द सुटला असं…"

"तुम्हाला वाटत-बिटत काही नाही हो. तुम्हाला नुसतं कम्प्रेशन होतं. गप बसा."

घड्याळात बारा पन्नास. अक्कलकोट अजून पंधरा किलोमीटर. तिकडं सुंदरम्मांचा डोळा दाराकडं लागलेला आणि इकडं रस्त्यावर बैलगाडीसुद्धा नाही. ईरम्मा रडायला लागली.

रुद्राणी रडली नाही. तिनं मागून पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला, बरोबर मधे, आणि आधी कानडीत बोलली.

"अज्जा, अव्वन्न नोडबेकु."

आजोबा, आईला बघायचंय. एवढंच. मग मराठीत,

"चूक ह्यांची आहे. अव्वाची नाही. ते पिस्टन मी काढून टाकते. आम्हाला अव्वापाशी पोचवा. मग तुम्ही हितंच बसा. मी आहे तवर तुम्हाला कुणी ऊठ म्हणणार नाही."



इंजिन सुरू झालं…

गुरुसिद्धप्पाचे दोन्ही हात मांडीवर होते. एका हातात किल्ली, एका हातात पाइप.

ठोकणं नाही, धूर नाही. इतकं गोड इंजिन मी पुन्हा कधी ऐकलं नाही. गाडी आपण होऊन रस्त्याला लागली आणि जुन्या माणसाच्या चालीनं निघाली. गुरुसिद्धप्पानं स्टिअरिंग धरलं, भीतभीत पाय दाबून पाहिला. वेग वाढला नाही. पाय काढला. कमीही झाला नाही. वाटेत एका सायकलवाल्यानं आम्हाला मागं टाकलं.

गुरुसिद्धप्पा काही बोलला नाही. त्याच्या आयुष्यातलं ते एकमेव शहाणपणाचं वर्तन.

सासूबाईंनी दोघींचे हात धरले. "आलात?" म्हणाल्या. बराच वेळ दोघींची तोंडं आळीपाळीनं पाहिली. अडीचला गेल्या. दोनची एसटी त्या वेळी वाटेतच असती.

चौथ्या दिवशी रुद्राणीनं येडू फिटरला अक्कलकोटला बोलावून दारातच इंजिन खोलायला लावलं. येडूनं एकेक पिस्टन बाहेर काढून फडक्यावर मांडला.

चारपैकी तीन पिस्टनच्या डोक्याला आरपार भोकं होती. बोट जाईल एवढी.

"वैनी, गाडी हितं कुणी वडून आणली?"

"कुणी नाही. वळसंगपासून चालत आली."

"न्हाय वो. असं इंजिन फर्लांगभर बी चालत न्हाय."

"आम्ही आत होतो की."

येडूनं हात पुसले. "मग गाडी न्हाय चालली, वैनी," म्हणाला आणि जुने सपाट पिस्टन बसवून, चहासुद्धा न घेता निघून गेला.

गुरुसिद्धप्पा त्या गाडीत पुन्हा बसला नाही. कम्प्रेशनचं नाव काढलं नाही. हल्ली तो होमिओपॅथीवर बोलतो, तेही तितकंच असह्य असतं.

गाडी रुद्राणी शिकली. वीस वर्षं झाली, तीच चालवते. इंजिन कधी ठोकलं नाही, गाडी कधी वाटेत थांबली नाही. चालवताना ती हळू आवाजात कानडीत बोलते. लोकांना वाटतं, बाई देवाचं म्हणते.

मी त्या गाडीत बसायचं टाळत आलो. माझं वय झालं, चालवतं कुठं, अशी कारणं सांगत आलो. पण गेल्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दवाखान्यातून न्यायला तीच आली. मागच्या सीटवर ज्वारीची पोती होती. पुढं बसण्यावाचून गत नव्हती.

मी दाराला घट्ट चिकटून बसलो. एका डोळ्याला पट्टी, दुसरा मिटलेला.

रुद्राणीनं गिअर टाकायला हात उचलला आणि थांबली.

"जरा सरका," म्हणाली.

मी आणखी सरकलो. दाराची मूठ बरगडीत रुतली.

"तुम्हाला नाही म्हटलं, दाजी."