कोंबड्याच्या तुऱ्याइतकं लाल

बुलावायो शहरातल्या जत्रेच्या मैदानात, बिनखिडक्यांच्या चार नंबर शेडमध्ये, पोलाद कडक करणाऱ्यांचं संमेलन आणि प्रदर्शन भरलं होतं. पहिल्याच दिवशी मुटारेहून भट्ट्या विकायला आलेल्या गरिकाईनं आपल्या विजेच्या भट्टीचं पूर्ण जोराचं बटण दाबलं आणि अख्ख्या शेडचे दिवे घालवले. लोक सांगतात, गावातल्या निम्म्या बेकऱ्याही त्याच मिनिटाला थंडावल्या. मी तेवढं म्हणत नाही. पण एक बेकरी नक्की.

त्या अंधारात एकच वस्तू चमकत होती... समोरच्या गाळ्यात, गॅसच्या शेगडीवर तापलेली एक छिन्नी. तिच्या तांबड्या उजेडात दोन डोळे हसत होते.

"भट्टी विकायला आलात की दिवे घालवायला?"

"भट्टीच विकायला," अंधारातून आवाज आला. "पण दिवे गेले नसते तर तुम्ही दिसला नसतात."

छिन्नीवाल्या रुवारशेनं छिन्नी तेलात बुडवली. चर्रर्र! गाल तापले ते धुरानंच, असं तिनं स्वतःला पटवून टाकलं.

दिवे आल्यावर गरिकाई समोर येऊन उभाच राहिला. छिन्नी घासून तिनं पुन्हा हलकी तापवली, तसे तिच्यावर रंग चढू लागले. आधी पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा.

"थांबायचं कुठं, ते कसं कळतं?" त्यानं विचारलं.

"बाहेर जांभळा जकरंदा फुललाय ना? त्या रंगाला पोचली की थांबायचं." तिनं त्याच्याकडे न बघता छिन्नी उचलली. "काही माणसांना थांबायचं कळत नाही, तो भाग वेगळा."

रुवारशे, सगळ्यांची रुवा, बेलमाँट या कारखान्यांच्या वस्तीत आपल्या मायदेई आत्याबरोबर लहानसा कारखाना चालवायची. खाणवाल्यांच्या छिन्न्या आणि पहारी त्यांच्याच हातून कडक होऊन जायच्या. त्यांच्याकडे उष्णता मोजायचं मीटर नव्हतं, आत्याचे डोळे होते. एकदा तापलेला दांडा लांबूनच बघून आत्या म्हणाली होती, "आठशे बारा अंश. आणि सांडशी धरणारा आज बायकोशी भांडून आलाय." दोन्ही खरं निघालं. शंका असेल तर त्या बायकोला विचारा.

दुसऱ्या दिवशी गरिकाई तीनदा चहा घेऊन आला. तिसऱ्या कपाला त्यानं मनातलं सांगून टाकलं.

"उद्या अकराला खाणवाल्यांसमोर प्रात्यक्षिक आहे. जमलं तर कंपनी इथं शाखा काढणार, मग मी इथंच. नाही जमलं तर परत मुटारे. दिवसभराची वाट... आणि तिथं तुम्ही नाही."

"मुटारेला डोंगर आहेत म्हणे छान," रुवा म्हणाली. पण चहा तिच्या हातात थंड होऊन गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला त्यानं रंगीत तालीम म्हणून भट्टी पेटवली. दार उघडलं तशी आतली झळाळी रुवानं समोरून पाहिली. पोलाद कोंबड्याच्या तुऱ्याइतकं लाल हवं. हे तर पिकल्या पपईसारखं झालं होतं! ती उठली, तर आत्यानं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं ती पुडीतले भाजलेले सुरवंट, इथला लाडका खाऊ, एकेक करून खात होती.

"दुसऱ्याच्या भट्टीत तोंड घालू नये, पोरी. ती भट्टी खपली तर खाणवाले आपल्या दारात कशाला येतील?"

"आणि नाही खपली तर...?"

"तर तो जाईल मुटारेला." आत्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग मनगट सोडलं आणि आणखी एक सुरवंट तोंडात टाकला.

रुवा समोर गेली. "तुमची भट्टी खोटं बोलतेय."

"मीटर बघा. आठशे वीस!"

"रंग बघा. नऊशेच्या वर."

"बाईसाहेब, हे मीटर थेट जर्मनीहून आलंय."

"मग जर्मन भाषेत खोटं बोलत असेल. घाला ते पाण्यात."

त्यानं ऐटीत तापलेला तुकडा बादलीत सोडला. वाफ उठली, आणि वाफेतून बारीकसा आवाज आला... टिंग. तुकडा बाहेर काढला तर केसाएवढी भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत.

गरिकाई खोक्यावर मटकन बसला. "संपलं. दीड तासात माझी शोभा होणार."

"रडायला दीड तास पुरेल, पण कामाला कमी पडेल. उठा."

ती भट्टीच्या मागं गेली. उष्णता मोजणारी सळई मागच्या विटेतून आत जाते. तिचा आत असायला हवा तो काळवंडलेला पट्टा विटेपासून दोन बोटं बाहेर आला होता. मुटारेपासूनच्या रस्त्यानं लॉरी अशी हादरवली होती की सळईचं टोक आतल्या आगीत नव्हतंच, विटेच्या पोटात आरामात झोपलं होतं. गरिकाईनं सळई आत ढकलून कसली. मीटर शरमेनं भराभरा चढलं. नऊशे पंधरा!

गरिकाई मात्र नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"मीटर तिकडे आहे," ती पुटपुटली.

अकराला खाणवाले जमले. भट्टीचं दार उघडण्याआधी गरिकाईनं समोरच्या गाळ्याकडे पाहिलं. रुवानं फटीतला रंग न्याहाळला आणि मान हलवली. मगच त्यानं तुकडा पाण्यात टाकला. आवाज नाही, भेग नाही. खाणीच्या म्हाताऱ्या मुकादमानं त्यावर कानस घासली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली.

"भट्टी घेतली," मुकादम म्हणाला. "पण तू त्या पोरीला कशाला विचारत होतास?"

"मीटर बिघडतं. ती नाही बिघडत."

"मग भट्टीबरोबर तीही मिळते का?"

"नाही हं काका," गरिकाई घाईघाईनं म्हणाला. "तिच्यासाठी मी रांगेत उभा आहे."

शेडभर हशा पिकला. रुवानं तोंड लपवायला जागा शोधली, तर पुढ्यात आत्याच उभी.

"रांग इथून सुरू होते," आत्या म्हणाली. "ये इकडे."

"आलो, आत्याबाई."

"तुझी आत्या कधीपासून झाले रे? कूळ कुठल्या प्राण्याचं?"

"माकडाचं."

"तरीच एका जागी बूड टेकत नाही! आमचं सिंहाचं. एक कूळ नाही, म्हणजे लग्नाला हरकत नाही. पण नुसत्या गोडगोड बोलण्यावर मी घरच्यांकडे शब्द टाकत नाही. रीतीप्रमाणं दोघांनी लग्नाच्या वचनाची खूण म्हणून आपापली एकेक वस्तू माझ्या हातात ठेवा."

गरिकाईनं खिसे चाचपले. निघाला तो भेगाळलेला तुकडा. ओशाळून त्यानं तोच आत्याच्या हातावर ठेवला. "माझ्याजवळ खरं असं एवढंच आहे."

रुवानं क्षणभर... अगदी क्षणभरच... वाट पाहिली. मग पहिल्या दिवसाची छिन्नी काढली, जकरंदाच्या रंगाची.

आत्यानं दोन्ही वस्तू तळहातावर तोलल्या. "भेग तुझी, धार तिची. चालेल." आणि ती सुरवंटांची पुडी घेऊन मुकादमाला खाऊ द्यायला निघून गेली. मुद्दामच, हे काय सांगायला हवं?

"आता?" गरिकाईनं हळूच विचारलं.

रुवा इकडेतिकडे पाहत म्हणाली, "इथं उजेड फार आहे... तू ते पहिल्या दिवसाचं बटण कुठलं दाबलं होतंस रे?"

सव्वाबाराला चार नंबर शेडचे दिवे गेले. कुणी घालवले, मला ठाऊक नाही. बेकरीवाला मात्र अजून चिडलेला आहे.