डाव्या बाजूचा आवाज

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्यापुरतं हे घडलेलं आहे.

२०११. मार्गशीर्ष अमावास्येची संध्याकाळ. मोरजीला नदी समुद्राला मिळते, ती बाजू.

बाबांना जाऊन महिना झाला होता. आई आधीच गेलेली. मी एकुलती एक, म्हणून अस्थी मीच इथे सोडल्या. त्यांची अंगठी माझ्या बोटात सैल होती. लाटेने अस्थींबरोबर तीही नेली.

ती शोधायला मी बाबांचं मशीन घेऊन निघाले. वाळूखाली धातू असला की वाजणारं, पाण्यातही चालणारं. एका जर्मन पाहुण्याने जाताना त्यांना दिलेलं. निवृत्तीनंतर बाबा ओहोटीला गुडघाभर पाण्यात त्याची चकती फिरवायचे. पर्यटकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून परत करायचे.

त्यांच्या उजव्या पायात स्टीलची सळई होती. डिचोलीला खाणीवर असताना पडले होते. मी मशीन धरलं की ते माझ्या डावीकडून चालत. चकती त्यांच्या पायाजवळ गेली की मशीन लांब, घोगरं वाजे.

जाळं आवरता आवरता सगुणकाका हसत. "विनायकबाब, तू चोर झालो तर तुझो पायच तुका धरून दितलो!"

सोनं वेगळं वाजतं. आखूड, बारीक.

दहनानंतर ती सळई राखेत मिळाली. ती मी पाण्यात सोडली नाही. घरी कपाटात ठेवली.

त्या बाजूला कासवं अंडी घालायला येतात, म्हणून दिवे लावत नाहीत. मशीनचे हेडफोन लावले की समुद्रही ऐकू येत नाही.

बराच वेळ नुसती बाटल्यांची झाकणं.

मग डावीकडे...

लांब. घोगरं.

वाळू उपसली. काही नव्हतं.

एक पाऊल पुढे गेले. पुन्हा डावीकडे... तेवढ्याच अंतरावर.

मी तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर नुसतं पाणी दिसलं असतं, आणि ते मला नको होतं.

तेवढ्यात समोर... आखूड, बारीक.

अंगठी!

मी पुढे सरकले. पाणी कमरेला आलं. बारीक आवाज अजून थोडा पुढे होता. तेव्हा घोगरा आवाज डावीकडून समोर आला. माझ्या आणि अंगठीच्या मध्ये.

चकती उजवीकडे नेली. तोही उजवीकडे.

"बाबा, सरका ना," मी मोठ्याने म्हटलं.

ते सरकले नाहीत.

मी हेडफोन काढले. किनाऱ्यावरून सगुणकाका ओरडत होते.

"शालू, फाटी ये गो! फुडे खड्डो आसा!"

मी बाहेर आले तसा त्यांनी माझा दंड धरला. "कानात बोळे घातलंस काय गो? ह्या पावसात नदीन थंय खड्डो केलो. दोन माणूस उभो बुडात!"

"बाबांना माहीत होतं?"

"तेका खंयसून म्हायत? तो पावसाळोभर खाटेर."

घरी येऊन कपाट उघडलं. सळई जागेवर होती. कोरडी.

अंगठी अजून तिथेच आहे. खड्डा कधीच भरून आला. "चल, मी येतंय सांगाती," सगुणकाका दर ओहोटीला म्हणतात.

मी जात नाही.

त्या आवाजाची भीती वाटत नाही.

पण चकती डावीकडे नेली... आणि काहीच वाजलं नाही तर?