नऊ संध्याकाळींचं कोडं

सरकारी अर्ज भरून देणाऱ्या एमपी ऑनलाइनच्या दुकानात सर्व्हर बंद पडला होता आणि प्राजक्ता पाऊण तास रांगेत उभी होती. राग यायला तेवढं कारण पुरेसं होतं. पण खरा राग आला तो पुढच्या माणसाचा.

तो फोनवर बोलत होता. उंच, सावळा, केसांत कापसाचे तंतू अडकलेले... कापड विणायच्या लूमवर काम करणाऱ्यांच्या असतात तसे.

"सुटलं ना यार, ते घड्याळवालं," तो हसत सांगत होता. "चौदा पार्टमध्ये केलं. बनवणारा कोणी म्हातारा खडूस मास्तर असेल बघ. कागदावर हुशार, पण चालती मशीन त्यानं जिंदगीत पाह्यली नसेल."

प्राजक्ताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो बोलत होता तो खेळ कॉम्प्युटरवरचा. पडद्यावर यांत्रिक हात, पट्टे, दातेरी चाकं मांडायची, प्रत्येकाला हुकूम लिहून द्यायचा आणि कच्च्या मालातून ठरलेली वस्तू बाहेर काढायची. खेळणारेच एकमेकांसाठी नवी कोडी बनवून टाकत. घड्याळाचं कोडं बनवायला तिला दोन महिने लागले होते. शाळेत गणित शिकवून घरी आलं की ती त्यातच बसायची. एकोणीस पार्टांखाली ते सुटणार नाही, अशी तिची खात्री होती.

"तो म्हातारा मास्तर मी आहे," ती म्हणाली.

तो वळला. फोन कानालाच राहिला. त्यानं तिच्याकडे पाहिलं – जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मतलब... म्हातारं नाही," तो म्हणाला. "बाकीचं मागे घेत नाही मी."

त्याचं नाव निरंजन. घर शाहपुरला, वडिलांची केळीची बाग; पण हा रमला होता बुऱ्हाणपुरातल्या लूम दुरुस्त करण्यात. पुढच्या रविवारी तो चौदा पार्टांचं ते यंत्र दाखवायला मावा जलेबीच्या दुकानात लॅपटॉप घेऊन आला. उरलेला माल बाहेर काढायचे पार्ट वाचवून त्यानं तो आतल्या आत एका कोपऱ्यात रचून ठेवला होता.

"ही लबाडी आहे," प्राजक्ता म्हणाली.

"नियमात बसते."

"नियमात बसते म्हणून लबाडी नाही का?"

"तुम्ही रागावल्या का नाकावर घाम येतो," तो म्हणाला. "इथं."

तिनं रुमाल काढला नाही. मुद्दामच काढला नाही.

तीन रविवार असेच भांडणात गेले. चौथ्या रविवारची वाट आपण बुधवारपासूनच बघतोय, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचाही राग आला. त्या दिवशी ती म्हणाली, "दुसऱ्याचं सोडवणं सोपं असतं. एक बनवून दाखवा."

आठवड्यानं त्यानं पेन ड्राइव्ह पुढे सरकवला.

"उत्तर आहे ना याला?" तिनं विचारलं.

"आहे," तो म्हणाला. म्हणताना जलेबीच्या कढईकडे बघत होता.

कोडं सुताच्या कांड्यांचं होतं. लाल-पांढऱ्या कांड्या आत येणार, त्यांतल्या एकवीस पांढऱ्या. सगळ्या लाल करून बाहेर काढायच्या. रंग पालटणारं चाक मात्र एका वेळी दोन कांड्यांचे रंग पालटणार, पांढरी असेल ती लाल, लाल असेल ती पांढरी. भोवती पट्ट्यांचं असं जंजाळ, की वाट सापडता सापडेना. संध्याकाळमागून संध्याकाळ ती पडद्यासमोर बसली. खेळाडूंच्या वार्षिक स्पर्धेसाठी तिचं स्वतःचं नवं कोडं जवळजवळ तयार होतं, वर्षभराची मेहनत होती ती. शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. उद्या बघू, उद्या बघू म्हणत तिनं ते बाजूला ठेवलं. आठव्या दिवशी स्पर्धेची मुदत संपली. तिला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

आणि त्याच नवव्या संध्याकाळी तिनं पट्टे, चाकं सगळं सोडून नुसत्या पांढऱ्या कांड्या मोजल्या. दोन-दोन पालटल्या तर विषम आकडा विषमच राहतो. शून्य होतच नाही. सातवीच्या मुलांना ती हेच शिकवत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती थेट कारखान्यात गेली. चाळीस लूम खडखडत होते. निरंजन एका मशीनखालून बाहेर आला, तिला पाहून हसला आणि ऐकू येत नाही म्हणून कान पुढे केला. तिला रागानं बोलायचं होतं आणि त्यासाठी त्याच्या खांद्याजवळ तोंड न्यावं लागत होतं... तेलाचा, सुताचा वास येत होता. ती ओरडली, "नऊ संध्याकाळी मी फक्त –"

तेवढ्यात वीज गेली. चाळीस लूम एकदम गप्प झाले.

"– तुमचाच विचार केला."

सगळ्या कारखान्यानं ते ऐकलं. शेजारच्या लूमवरचे म्हातारे सुकलालकाका सूत बांधता बांधता थांबले आणि खाली बघून हसले.

"कोड्याचा," ती म्हणाली. "याला उत्तर नाही. तुम्हाला ठाऊक होतं?"

निरंजननं हात पुसले. बराच वेळ पुसले. "होतं."

"काहून केलं असं?" सुकलालकाकांनीच विचारलं.

"सुटलं असतं तर त्या आल्या नसत्या ना... पुढच्या रविवारी."

प्राजक्ताला वाटलं, आता आपण रडणार. म्हणून ती अधिकच कडक बोलली. "माझी स्पर्धा गेली यात. वर्षाची मेहनत गेली. आणि उत्तर आहे का, हेच मी तपासलं नाही हो... सोपं होतं, पण उत्तर नसेल असं मनातच आलं नाही. कारण तुम्ही आहे म्हणाला होतात."

त्याचा चेहरा उतरला. स्पर्धेचं त्याला ठाऊक नव्हतं. तो काही बोलायच्या आत ती निघून गेली.

दोन रविवार ती जलेबीच्या दुकानाकडे फिरकली नाही. त्याचे फोन उचलले नाहीत. मग एके दिवशी खेळाडूंच्या ग्रुपवर, जिथे त्याच्या नावाला मान होता, तिथे त्याचं पत्र दिसलं. काय केलं ते त्यानं काही न लपवता लिहिलं होतं. तिचं कोडं उशिरा का होईना घ्या म्हणून स्पर्धावाल्यांना विनवलं, त्यांनी नकार दिला, हेही लिहिलं होतं. खाली लोकांनी त्याला भरपूर झोडपलं होतं. पत्राच्या शेवटी एक ओळ होती : आता त्यांना माझं तोंडही पाहायचं नसेल.

ती ओळ वाचून प्राजक्ताचा असा भडका उडाला, की तिनं स्वतःच फोन लावला. "राजघाटावर या. पाच वाजता."

तो पावणेपाचलाच येऊन पायरीवर बसला होता. तापी संथ होती, आणि त्याच्या केसांत आज तंतू नव्हते. धुऊन, तेल लावून आला होता.

"मला काय पाहायचंय आणि काय नाही, ते ठरवणारे तुम्ही कोण?" ती उभ्यानंच म्हणाली. "आधी माझ्या नऊ संध्याकाळी ठरवल्या. आता हे."

"चुकलं माझं."

"पत्रात वाचलं ते. दुसरं काही आहे?"

तो उठला. "आहे. मले तुम्ही आवडता. पहिल्या रविवारीच म्हणायचं होतं. तुम्ही नाही म्हणाल म्हणून भ्यालो... आणि तो उलटा धंदा करून बसलो."

"एवढं सांगायला दहा सेकंद लागतात, निरंजन."

"हो."

"माझं वर्ष गेलं तुझ्या भिण्यात."

त्या 'तुझ्या'वर त्यानं मान वर केली. तिच्या नाकावर घाम आला होता. तो बघत राहिला, भीत भीत, पण नजर न वळवता.

"पुन्हा मला खोटं उत्तर दिलंस तर हाच घाट आणि हीच तापी, लक्षात ठेव," प्राजक्ता म्हणाली.

"आणि आत्ताचं? आत्ताचं उत्तर... तुझं?"

"मलाही आवडतोस," ती इतक्या संतापानं म्हणाली, की खालच्या पायरीवर धुणं पिळणारी बाई वळून बघायला लागली आणि म्हणाली, "जाऊ दे ना पोरी, काहून भांडतेस त्याच्याशी?"