शेपटीकडचा दोर

माणूस भुलीतून जागा झाला की पाणी मागतो. घोडा जागा झाला की पळायला बघतो. पाय अजून ताब्यात आलेले नसतात, पण हे त्याला सांगणार कोण? धडपडत उठतो, पडतो, पाय मोडून घेतो. मग पोटाचं ऑपरेशन कितीही झकास झालेलं असो, त्याला कायमचं झोपवावं लागतं.

म्हणून घोड्यांच्या त्या दवाखान्यात मागच्या अंगाला एक खोली होती. भिंतींना गाद्या, जमिनीवर गादी, खिडकी नाही, फक्त बाहेरून डोकावायला काचेचा एक झरोका, दिवा मिणमिणता. घोड्याच्या कानांत कापसाचे बोळे, डोळ्यांवर टॉवेल. एक दोर डोक्याला, एक शेपटीला. दोन्ही दोर भिंतीतल्या कड्यांमधून बाहेर यायचे आणि तिथे दोघं जण ते धरून उभे राहायचे. घोडा उठायला लागला की दोघांनी एकदम ताण द्यायचा, म्हणजे त्याचा तोल सावरतो.

दोघांच्या मध्ये फळ्यांचा आडोसा होता आणि बोलायची सक्त मनाई. म्हणून फळीवर बोटाने खुणा चालायच्या. दोनदा टकटक म्हणजे ओढ. एकदाच टक म्हणजे, सोडू का? पलीकडून तशीच एक टक आल्याशिवाय दोर सोडायचा नाही.

ही पद्धत मामांनी पाडलेली. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते. उभा जन्म घोड्यांच्या मागे गेला म्हणून सगळे त्यांना शेपटीमामा म्हणायचे, आणि तेही दाताखाली लवंग धरून हसायचे. डोक्याचा दोर भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे असायचा. बाईंना घरी बोलायला कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर दिवसभरात त्यांचं मनापासून बोलणं व्हायचं ते त्या फळीवरच. मामा रागावायचे फक्त एका गोष्टीवरून. "पोरी, दोर मुठीत धर. मनगटाला गुंडाळलास, तर टोकाला जो असेल तो नेईल तिकडे जावं लागेल."

गेल्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. तेव्हापासून पलीकडे कधी हा, कधी तो उभा राही. काम व्हायचं, पण फळीवर बोलणं व्हायचं नाही.

त्या दुपारी आत एक घोडी भुलीत होती आणि पलीकडे कुणीच नव्हतं. मदतनीस तापाने फणफणला होता, आणि सर्जन टाके घालून लगोलग दुसऱ्या गावच्या घोड्यासाठी धावले होते. घोडीचा मालक, एक म्हातारा बग्गीवाला, दोर धरायला तयार होता. पण धन्याची चाहूल लागली की जनावर वेळेआधी उठतं. बाईंनी त्याला फाटकाशी बसायला सांगितलं.

"घरी आम्ही दोघंच असतो, डॉक्टर," तो म्हणाला आणि मुकाट्याने जाऊन बसला.

बाई मागच्या अंगाला वळल्या. शेपटीचा दोर त्यांनी पलीकडच्या आकड्याला बांधला, नसल्यापेक्षा बरा म्हणून. आपला दोर मुठीत धरून त्या काचेच्या झरोक्याला डोळा लावून उभ्या राहिल्या. औषधाचा गोडसर वास येत होता. घोडीचा श्वास तेवढा ऐकू येत होता, लांब, जड.

मग तिचा कान हलला. मान उचलली गेली.

"थांब गं बाई… इतक्यात नको…" त्या पुटपुटल्या.

घोडी उठली आणि धाडकन पडली. भिंत हादरली. झरोक्यातून दिसलं, शेपटीचा दोर ढिला पडला होता. आकड्यावरची गाठ सुटली असणार. आता हातातला दोर टाकून तिकडे धावावं, तर डोकं मोकळं सुटणार. आणि घोडी पुन्हा उठायला लागली होती. मागचे पाय फाकत चालले होते. फाटकाशी बसलेला म्हातारा बाईंच्या डोळ्यांसमोर आला. त्याला जाऊन काय सांगायचं?

टक टक.

बाईंनी विचार केलाच नाही. इतक्या वर्षांची सवय, त्यांनी जीव खाऊन दोर ओढला. आत शेपटीचा दोर ताठ झाला. घोडी डुलली, सावरली आणि चारही पायांवर उभी राहिली.

फळीच्या फटीतून लवंगेचा वास आला.

टक.

बाईंनी उत्तर दिलं नाही. घोडी स्थिरावल्यावर त्या वळसा घालून पलीकडे गेल्या. तिथे कुणी नव्हतं. आकडा रिकामा होता आणि दोराचं टोक जमिनीवर ढिलं पडलेलं. 'भास, दुसरं काय! उपाशीपोटी असंच होतं,' असं स्वतःला बजावत त्या खोलीत शिरल्या. घोडीच्या कानांतले बोळे काढले, डोक्याचा दोर काढला, शेपटीची गाठ सोडली. मालकाला हाक मारली. तो आला, घोडीच्या मानेत तोंड खुपसून रडला, आणि हळूहळू पावलं टाकत तिला घेऊन गेला. दूरवर तिच्या टापा ऐकू येत राहिल्या. मग त्याही थांबल्या.

गादीच्या खोलीत बाई एकट्याच उरल्या. हातात शेपटीच्या दोराचं टोक होतं. ते गुंडाळून ठेवायला म्हणून त्यांनी ओढलं, तर ते येईना.

दोर कड्यापर्यंत ताठ होता. बाईंनी हलकेच ओढून पाहिलं. पलीकडूनही तेवढंच हलकेच ओढलं गेलं.

टक.

सोडू का?

एकदा बोट वाजवलं की झालं, हे त्यांना कळत होतं. त्यांचा हात कड्याभोवतीच्या उघड्या फळीपर्यंत गेलासुद्धा. मग घर आठवलं. कुलूप, अंधार, एकच ताट. हात तिथेच थांबला.

"मामा…" त्या म्हणाल्या. "एवढ्यात नको ना…"

आणि त्यांनी दोर मनगटाला गुंडाळला. एक वेढा, मग आणखी एक.

पलीकडून दोनदा टकटक झाली.